बाभळीच्या काट्यांपुढं थांबलेली एसटी

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात मी धाराशिवच्या एका दवाखान्यात नर्स होते. आमचं गाव बेंबळीच्या पुढं. सगळ्या गाड्या बंद होत्या, फक्त आम्हा कर्मचाऱ्यांसाठी एक एसटी चालायची. वाटेत बाकीचे उतरले, की ड्रायव्हरकाका आणि मी एवढेच उरायचो. आपल्या एकटीसाठी एवढी मोठी गाडी पळतेय, हे मला रोज स्वप्नासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी गावाच्या शिवेवर काकांनी ब्रेक दाबला. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या. पलीकडं गावातली पोरं काठ्या घेऊन उभी होती.

"गाडी आत येणार न्हाय!" एक जण ओरडला. "ताईंनी बी शेतातच राहावं. रोग आणतील गावात."

मला रडू आलं. काका म्हणाले, "बसा ताई. तुम्हाला इथं सोडून मी जाणार न्हाय."

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढं आली. तिचा मुलगा आमच्याच वॉर्डात होता आणि तिला त्याला भेटता येत नव्हतं. तिनं वाकून एक फांदी उचलली, बाजूला फेकली. मग दुसरी. तळहातातून रक्त येऊ लागलं, तरी ती थांबेना.

"माझ्या लेकाला पाणी कोण पाजतंय रं?" ती पोरांना म्हणाली. "हीच की!"

मग जो आधी ओरडला होता, तोच काठी टाकून फांद्या ओढू लागला.

काकांनी गाडी हळूहळू आत घेतली. म्हातारी हाताला पदर गुंडाळून कडेला उभी होती. मी खिडकीतून हात जोडले. तिनं फक्त मान हलवली. एवढ्याशा देहात एवढं बळ कुठून आलं, हे मला अजून उमगलेलं नाही.