जिवंत बाईचा हश्काबा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते कुलाबा जिल्ह्यातल्या माझ्या शाळेतल्या गणिताच्या सरांचे. सातवीनंतर बाबा मला लाकडाच्या वखारीत कामाला लावणार होते. सर शनिवारी घरी आले. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; शनिवारी, शब्बाथला आमची चूल पेटत नाही, चहासुद्धा मिळणार नाही, हे ठाऊक असून आले आणि बाबा 'बरं' म्हणेपर्यंत ओटीवरून उठले नाहीत. त्या एका शब्दावर मी मॅट्रिक झालो, इस्रायलला आल्यावर इंजिनियर झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात माझ्या मुलीला शाळेतून घराण्याच्या मुळांचा शोध घ्यायला सांगितलं. इथे त्या वयाच्या सगळ्याच मुलांना तो घ्यावा लागतो. आई वारली होती. बाबा इथे इस्रायलमध्ये, रामला गावात आमच्याकडेच राहत होते. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि ते डायलिसिसवर होते. मुलीने विचारलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मग वंशवृक्ष मीच काढायला घेतला.

योम किप्पूरला, म्हणजे पापांची माफी मागायच्या उपासाच्या दिवसाला, आमचे जुने लोक अजून दारफाळणीचा सण म्हणतात आणि सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीद. त्या दिवशी मशिदीत प्रार्थना चालवणारा हझान मेलेल्या माणसांची नावं घेऊन प्रार्थना म्हणतो, ती हश्काबा. बाबा दरवर्षी तीन नावं द्यायचे. त्यांच्या वडिलांचं, आईचं आणि आणखी एका बाईचं. ते आत्याचं नाव असणार, असं मी लहानपणीच धरून चाललो होतो. कागदावरही मी तिला बाबांच्या शेजारी बहीण म्हणून बसवलं.

शेजारच्या लोद गावात बाबांच्या चुलतभावाची बायको राहते. मुलीला घेऊन मी तो कागद काकीला दाखवायला गेलो. तिने चष्मा चढवला आणि हसायलाच लागली.

"अरे, तुझ्या फादरला सिस्टर होती कुठे? एकटाच होता तो. तुझ्या आजीने लाडावून ठेवलेला बैल."

"मग ही कोण?"

काकीचं हसू गेलं. "तुझ्या आईच्या आधीची."

"कशाने गेली?"

"गेली कुठे? तिच्या अंगावर पांढरे डाग उठले. लोक म्हणाले, महारोग. तुझ्या बापाने तिला माहेरी सोडली, स्वतः दुसऱ्या गावात राहायला गेला आणि तिथे ती मेली म्हणून सांगितलं. मेली म्हटल्यावर हश्काबा करायला नको? तेव्हापासून करतोय."

"आईला माहीत होतं?"

"तिला पण मेलीच सांगितलेली. आम्हाला ठाऊक होतं, पण तोंड कोण उघडणार?"

मुलीने हिब्रूत विचारलं, "अबा, मग हिला कुठे काढू?" मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

घरी आल्यावर मी बाबांसमोर ते नाव घेतलं.

"दार लाव," ते म्हणाले. मी दार लावून आल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. "नुसते डाग होते रे. दुखत नव्हते, खुपत नव्हते. त्याच हातांनी ती भाकरी थापायची आणि मी खायचो."

"मग सोडलीत कशाला?"

"लोकांनी माझ्या हातचं पाणी बंद केलं असतं." त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. "देवाचं मी देवाशी बघेन. माणसाच्या अपराधाची माफी माणसाकडेच मागावी लागते. आणि मी तिलाच मेलेली करून बसलोय."

डायलिसिसला न्यायला गाडी आली तेव्हा ते उठले नाहीत. ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता. मी हाताला धरलं, पायांना धरलं, ओरडलो. "ती आहे का नाही ते आधी बघ," एवढंच म्हणत राहिले. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, असं केलं तर ते जगणार नाहीत. मी मुंबईतल्या नातेवाइकांना फोन लावत सुटलो. तिच्या गावात आमच्या लोकांचं एकही घर उरलेलं नव्हतं, तिथल्या मशिदीला कुलूप होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो आणि परत येऊन पुन्हा त्यांचे पाय धरले.

शेवटी बाबाच म्हणाले, "त्या तुझ्या मास्तरांना लिही. ते ओटीवरून उठत नाहीत. त्यांचं उत्तर येईपर्यंत मी मशीनवर जाईन. पुढचं पुढे."

त्याच दिवशी मी हे पत्र टाकलं:

आदरणीय सरांना नमस्कार,

बाबांनी काय केलं ते सोबतच्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे. तिचं माहेर आपल्या गावाहून खाडीपलीकडे आहे. तुमचे गुडघे दुखतात, तरी मी मागतो आहे, कारण तिथे माझं दुसरं कुणी नाही.

ती भेटली तर तिच्यासमोर बसा. बाबा माफी मागतात असं सांगा. ते आजारी आहेत हे आधी सांगू नका, तिच्यावर दडपण नको. नाही म्हणाली तर तेही जसंच्या तसं कळवा. गेली असली तर आमच्यात दहा माणसं घेऊन कबरीपाशी माफी मागतात. तिथे आता दहा कुठून येणार? तुम्ही एकटे उभे राहा, सर.

दारफाळणीचा सण जवळ आला आहे. बाबांना मशिदीत जाववणार नाही, नावं मलाच द्यायची आहेत. तिचं देऊ की नको, एवढं तरी मला कळायला हवं.

सवडीने कळवा, असं लिहिणार होतो. पण सवड नाही, सर.

तुमचा विद्यार्थी