पाच टॉवेल आणि दादांची हनुवटी

आमच्या सलूनवाल्यांना सगळे ‘सफाईमास्तर’ म्हणतात. गिऱ्हाइकाच्या गालावर एक केस राहिला तरी यांचा दिवस वाया जातो. त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, तेव्हा वहिनींनी बजावलं होतं, यापुढे दाढी मशीननेच करायची. मास्तरांनी मान डोलावली. पण मशीन म्हणजे त्यांच्या हाताचा अपमान. रविवारी त्यांनी वस्तराच काढला, आणि हनुवटीखाली तो निसटला.

चीर केवढी, तर नखाएवढी. पण इथे मास्तरांचा स्वभाव नडला. दर अर्ध्या मिनिटाला टॉवेल उचलून ते बघत, स्वच्छ पुसत आणि पुन्हा दाबत. पाच टॉवेल लाल झाले. दादा आरशात बघून म्हणाले, तुझ्या दुकानाला आज कुठे रंग चढला. शेवटी दवाखाना गाठावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी कापसाची घडी दाबून धरली आणि पंधरा मिनिटं उचलली नाही. दाबता दाबता मास्तरांना समजावलं. कापलं की रक्तातल्या बारीक चकत्या जखमेला येऊन चिकटतात, एकमेकींना धरून बसतात. मग रक्तातूनच धागे तयार होतात, त्यांची जाळी विणली जाते आणि गुठळी घट्ट होते. गोळ्यांमुळे दादांचं हे काम जरा सावकाश चालतं, एवढंच.

“आणि तुम्ही ती गुठळी दर वेळी पुसून काढत होता,” बाई म्हणाल्या.

नंतर मास्तर मला एवढंच म्हणाले, कापलं ते चुकून; पुसलं ते मात्र अगदी मन लावून.

त्यात दादांनी घरी सांगितलं, माझं मीच कापून घेतलं. मास्तरांना घास गोड लागेना. चौथ्या दिवशी ते वहिनींपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

“ते मला कळलंच होतं,” वहिनी म्हणाल्या. “तीस वर्षांत यांनी स्वतःच्या हाताने दाढी केलीय का, भावोजी? तुम्ही कधी येताय, तेवढंच बघत होते.”

पुढच्या रविवारी दादा खुर्चीत बसले आणि त्यांनी वस्तऱ्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मशीन उचललं. हनुवटीखालच्या खपलीभोवतीचे केस त्यांनी तसेच ठेवले. दादांनी आरशात मान वळवून पाहिलं. राहिलंय की रे थोडं, म्हणाले.

“राहू दे, दादा,” मास्तर म्हणाले. टॉवेल खांद्यावरच होता.