पिल्लं खाद्याला तोंड का लावत नव्हती, ते आज कळलं

काय सांगू मंडळी, आज डोकं पार फिरलंय.

कुरुळीत आमच्या घरामागं गावठी कोंबडीची पिल्लं आहेत. शेजारच्या वहिनींची त्याच वयाची पिल्लं चांगली दुप्पट झाली, आमची अजून मुठीत मावतात. खाद्याला तोंडच लावत नाहीत. काळजीनं आज कंपनीत हाफ डे टाकला आणि सगळ्यात बारकं पिल्लू खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या गळ्याखाली चाचपून बघितलं. "ताई, हे उपाशी कुठंय? गच्च भरलंय. घरात दुसरं काय खातंय ते बघा."

घरी आले तर सासरे मागच्या पायरीवर बसून पिल्लांना चहात बुडवलेलं बिस्कीट भरवत होते!

"अहो आप्पा, म्हणून वाढत नाहीत ती!"

"आगं, त्यो कोरडा भुसा कोण खाईल? म्या चाखून बघितलाय."

बिस्किटांचा डबा मी उचलून माळ्यावर टाकला. तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. पिल्लं तर माझ्या खाद्यावरून उड्या मारत त्यांच्याच पायाशी जाऊन बसलीत.

तुम्हीच सांगा, आधी वळण कुणाला लावू?