खिशातला चमचा

आमच्या काकांनी उभा जन्म एका गणितात घातला: माणूस कुठली वस्तू कुठल्या गटात टाकतो? त्यांच्या सूत्राप्रमाणे मन व्याख्या बघत बसत नाही; आठवणीतल्या ज्या वस्तूशी नवी वस्तू जास्त जुळते, तिच्याच गटात तिला ढकलतं.

"एवढंसं सांगायला अख्खी नोकरी खर्ची घातलीत?" असं म्हणत काकू रोज त्यांच्या खिशातून चहाचा चमचा काढते. बोलण्याच्या नादात काका तो खिशातच घालतात.

परवा त्यांच्या लेकीने लग्नासाठी पसंत केलेला मुलगा घरी आणला. हा जावई म्हणून कसा, याचे आकडे काका कागदावर मांडत बसले. मुलाने बोलता बोलता चहा ढवळला आणि चमचा खिशात घातला.

काकूने कपाळाला हात लावला. मग सवयीने त्याच्या खिशातून चमचा काढत विचारलं, "बरं, लग्न कधी करायचं म्हणताय?"