शब्दबाई आणि माझा डावा हात

शब्दबाई वर्गात "पाठ करा" असं कधीच म्हणायच्या नाहीत. चौथीला त्या आम्हाला आल्या त्याच मुळी कुठलंसं प्रशिक्षण उरकून, आणि येताना पिशवीभर शब्द घेऊन आल्या. सृजनशीलता, उत्स्फूर्तता, बालकेंद्री शिक्षण. रोज एक शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि दिवसभर कुणाला पुसू द्यायचा नाही. आम्ही दहिसरच्या चाळीतली मुलं. अर्थ अर्धामुर्धा कळायचा, पण लंगडीत भांडण झालं की "जा गं, घोकंपट्टी कुठली" ही शिवी आमच्यात चांगली रुळली होती.

मी डावखुरी. तिसरीच्या गुरुजींनी त्या हातावर पट्ट्या मारमारून पाहिल्या होत्या. बाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या डाव्या हातात खडू दिला. "हिला कुणी अडवायचं नाही. सृजनशीलता उजवं-डावं बघत नाही." त्या दिवसापासून मी बाईंची झाले.

नद्यांचा धडा आला तेव्हा बाईंनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला आमच्या नदीवर नेलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "शाळेत जातंस काय फिराक?" नदीवर म्हशी डुंबत होत्या, बायका कपडे आपटत होत्या, वरून कारखान्याचं लालभडक पाणी येत होतं. मी म्हटलं, "बाई, उपयोग सगळेच करतात, पण नदीला कुणी विचारत नाही." बाईंनी ते वाक्य माझ्या नावासकट फळ्यावर लिहिलं. "ह्याला म्हणतात स्वतंत्र विचार," म्हणाल्या.

मग शाळेची तपासणी जाहीर झाली. आदल्या दिवशी बाईंनी फळ्यावर नदीचे पाच उपयोग लिहिले आणि खाली मान घालून म्हणाल्या, "एवढं पाठ करून या. उद्या साहेबांनी विचारलं की हात सगळ्यांचे वर हवेत. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. उजवा हात बघूनच मी उठवीन."

साहेबांनी नदीच विचारली. मला उत्तर येत होतं, म्हणून माझा नेहमीचा हात वर गेला. बाईंनी नजर फिरवली, पण साहेबांनी नेमकं मलाच उठवलं. मी म्हशींपासून लाल पाण्यापर्यंत सगळं सांगितलं, शेवटी माझं वाक्यही म्हटलं.

"हे कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

मी बाईंकडे पाहिलं.

"मी नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "ती मुलगी जरा कच्चीच आहे. बस गं खाली."

बाईंची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आज मीही शिक्षिका आहे, साहेबांची भीती मलाही ठाऊक आहे. तरी त्या "कच्ची"चा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्यांनी मला नुसतं नाकारलं असतं तरी चाललं असतं.

चौथीच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मला दाराशी थांबवलं. "माझ्यावर रागावली नाहीस ना गं?"

"नाही बाई," मी म्हटलं.

वर्षभरात मी बाईंना पाठ केल्यासारखं दिलेलं तेवढं एकच उत्तर, अगदी त्यांना हवं तसं.