फोटो सरळ येऊ दे, मग जा

दामोदर गेला, असा त्याच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी इतका गडबडलो की बायकोच्या चपला घालून भिलाईतल्या सुपेल्याहून रिसालीला त्याच्या घरी पोचलो. कोणाच्याच ते लक्षात आलं नाही. दामोदरच्या आलं असतं, आणि तो काहीच बोलला नसता... हे मला आता, तेरवी होऊन महिना उलटल्यावर कळू लागलंय. म्हणजे कळलं असं वाटतं, अन् दुसऱ्या दिवशी परत काही कळत नाही.

आम्ही दोघंही भंडाऱ्याकडचे, धानाच्या शेतातले. भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा टिनाच्या एकाच खोलीत राहायला आलो. तो फिटर, मी स्टोअरमध्ये. माझं तिथे मन लागेना. बोल्ट मागितला की मी नट काढून द्यायचो, हिंदीतून बोलणी खायचो आणि रोज संध्याकाळी गावी जायला ट्रंक भरायचो. दामोदरला मात्र खूळ लागलं होतं. एका रशियन साहेबाने मायदेशी परतताना दिलेला जुना कॅमेरा त्याच्याकडे होता, आणि ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या चांदण्यांच्या रेघा त्याला टिपायच्या होत्या. त्यासाठी शटर तासन्‌तास उघडं ठेवायचं आणि कॅमेरा तसूभरही हलू द्यायचा नाही. घाईही होती. पहिली भट्टी पेटली की आभाळ लाल होणार, मग कुठल्या चांदण्या! मी ट्रंक भरली की तो म्हणे, "एक फोटो सरळ येऊ दे, मंग जा ना बाप्पा. मले एकट्याले जागणं होत नाही."

तेव्हा रिसाली म्हणजे गाव आणि भोवती शेतं. कॅमेऱ्याचा स्टँड जमिनीवर रोवावा असं त्याचं म्हणणं. मला सापाची भीती, म्हणून मी शेत राखायच्या बांबूच्या माच्यावर बसायचा हट्ट धरला. एवढ्या थंडीत साप तुले भेटाले कावून येईन, असं त्याने विचारून पाहिलं. मग "तू वर अन् मी खाली, बोलाचं कोणासंग?" असं पुटपुटत स्टँडही माच्यावर चढवला.

दुर्गच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आला की रेघा कुठे बारीक, कुठे फुगलेल्या, मण्यांच्या तुटक्या माळेसारख्या. मी तिथल्या तिथे निदान केलं: कारखान्यात पाया ठोकणारा घण. जमीन हादरते, कॅमेरा हलतो. दामोदर मान डोलवायचा. पुन्हा माचा, पुन्हा तीच माळ. एकदा तर मी साइटवर जाऊन, रात्रीचा जरा हळू ठोकत जा, असं घणवाल्याला बजावलं. त्याने मला जे बजावलं ते पेपरच्या पुरवणीत छापण्यासारखं नाही.

मग भट्टी पेटली. पहिलं लोखंड वाहिलं त्या रात्री सगळे नाचले, आम्हीही नाचलो. परतताना दामोदरने वर पाहिलं. आभाळ तांब्याच्या परातीसारखं झालं होतं. सरळ फोटो राहिलाच. ट्रंक भरायची मी कधी विसरलो, आठवत नाही. लग्न, मुलं, रिटायरमेंट, सगळं इथेच झालं.

घणाची गोष्ट मी आयुष्यभर लग्ना-बारशांत साभिनय सांगितली, दामोदरच्या देखत. तो मान डोलवायचा. तेरवीलाही सांगितली. लोक हसले, पण भलत्याच जागी. मग दामोदरची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "भाऊजी, तो घण नोहोता. तुमचा पाय होता."

मी खाली पाहिलं. माझा पाय हलून राहिला होता. बसलो की हलतोच तो, आईचा मार खाऊनही ती खोड गेली नाही.

"हे समद्याईले फोटो दाखवत," वहिनी म्हणाल्या. "जिथं रेघ जाड, तिथं भाऊजी जागे. जिथं बारीक, तिथं झोपले."

म्हणजे सगळ्या रिसालीला ठाऊक, एक मी सोडून. मग मला माच्यावरून खाली कावून नाही उतरवलं, असं मी विचारलं. वहिनींनी हातातला तांब्या पुसून खाली ठेवला.

"मीबी इचारलं होतं. म्हणे, फोटो सरळ आला असता तं तो गेला असता."

त्याला तो फोटो किती हवा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी त्याने मुद्दाम...? की भट्टी पेटल्यावर स्वतःची समजूत घालायला त्यानेही माझ्यासारखीच एक गोष्ट रचली? रागवावं, की पाया पडावं... आणि कोणाच्या?

हल्ली मी रिसालीला जातो तेव्हा त्याच्या खुर्चीत, भिंतीवरच्या त्या तुटक्या माळेच्या फोटोखाली बसतो. वहिनी समोरच्या टेबलावर चहा ठेवतात. थोड्या वेळाने कप बशीत किणकिणू लागतो. मी पाय थांबवत नाही.