टसरचे चौदा नर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही.

तशी मी भित्री बाई नाही. वडशाजवळच्या एका गावात मी विज्ञान शिकवते. सरपंचाला भर सभेत चूक दाखवली आहे, भूत उतरवणाऱ्या बुवाला शाळेच्या फाटकातून परत पाठवलं आहे. गावात मला 'मॅडम' म्हणतात आणि मॅडम म्हणेल ते खरं मानतात. मला ते आवडतं — का आवडू नये?

मला नाद आहे पतंगांचा, रात्री दिव्यावर येतात त्या. परसात एक बादली, तिच्यात अंड्यांचे रिकामे ट्रे, वर नरसाळं आणि त्यावर दिवा. दिवस कलला की दिवा लावायचा आणि पहाटे उठून ट्रे उचलून बघायचं, कोण कोण आत दडून बसलंय. पंखांवरच्या रेघा, ठिपके, मिशांची ठेवण बघत एकेकाचं नाव शोधायचं, फोटो काढायचा आणि आमच्या पतंगवाल्या ग्रुपवर टाकायचा. नाव ओळखण्यात माझा हात धरणारं तिथे फारसं कुणी नाही. हे मी मिजाशीने सांगतेय, आणि पुढचं सगळं त्या मिजाशीतूनच आलं.

कुंपणापलीकडे सोमाजीभाऊ राहतात. त्यांच्याकडे कोसा. म्हणजे टसर रेशमाच्या अळ्या जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर वाढवायच्या आणि त्यांचे कोष काढायचे. बियाण्यासाठी ठेवलेल्या कोषांच्या माळा ओवून ते पडवीतल्या खोलीत टांगतात. पावसाळा लागला की त्यातून पाखरं निघतात, नर-मादीची जोडी जमते, मादी अंडी घालते आणि ती अंडी ऐनावर नेतात. या दिवसांत घरात कडक पाळणूक असते. मटण नाही, भांडण नाही आणि पाळीतल्या बाईने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. सहा वर्षांपूर्वी त्या घरात माळा ओवण्यात सगळ्यात तरबेज होती ती त्यांची सून, रेखा. कोष नुसता हातात घेऊन नर की मादी सांगायची.

त्याच वर्षी मी नवा दिवा आणला, आधीच्यापेक्षा खूप प्रखर. पहिल्याच पहाटे बादलीत, भिंतीवर, तुळशीच्या कट्ट्यावर मिळून टसरचे चौदा पतंग! तळहाताएवढे, तांबूस, पंखांवर काचेसारखे गोल डोळे. मी हरखून गेले. सगळ्यांच्या मिशा पिसासारख्या रुंद — म्हणजे सगळेच नर. वहीत तसं लिहिलं. कावळ्यांनी खाऊ नयेत म्हणून टोपलीत भरून नहरापलीकडच्या जंगलात सोडूनही आले. ग्रुपवर माझं कोण कौतुक झालं! दुसऱ्या पहाटेही तेच. पुन्हा सगळे नर.

तेव्हा मला कळायला हवं होतं? खरं सांगू — त्याच सकाळी कळलंच. टोपली रिकामी करून परतले, तर कुंपणापलीकडे सोमाजीभाऊ डोक्याला हात लावून बसलेले.

"मादाच मादा रायल्या मॅडम. नर कुठी गेले, काई समजूनच नाई रायलं."

मला लगेच समजलं. त्यांच्या खोलीच्या खिडकीला जाळी नव्हती, आणि माझा दिवा खिडकीच्या समोर होता. अंड्यांनी जड झालेल्या माद्या जागेवरच राहिल्या, नर उजेडाकडे आले.

त्याच संध्याकाळी मी दिवा लावला नसता, तर मागे राहिलेल्या कोषांतले नर तरी घरात राहिले असते. पण ग्रुपवर मी तिसऱ्या दिवसाचे फोटो कबूल केले होते. आणि दिवा एकदम बंद केला तर कुणाच्या लक्षात येईल, असंही वाटलं. मी दिवा लावला. पहाटे अकरा नर होते. कुंपणावरून टोपली पलीकडे दिली असती, तरी काही जोड्या जमल्या असत्या. मी ती नहरापलीकडे नेली. माहीत असून नेली.

माद्यांनी अंडी घातली, पण नराविना ती फोल. आठ-दहा दिवसांनी ती चेपली, एकही अळी निघाली नाही. मग घरात शोध सुरू झाला, कुणाचं काय चुकलं. रेखाने आपण होऊन सांगितलं, की खोलीत मांजर शिरली म्हणून ती पाळी असताना धावत आत गेली होती. झालं. सोमाजीभाऊ ओरडले नाहीत, हात उगारला नाही. फक्त म्हणाले, यापुढे तिने कोषाला हात लावायचा नाही.

ती माझ्याकडे आली. ओट्यावर बसली, पदराचं टोक पिळत.

"मॅडम, माह्यानंच झालं काय? तुमी तं शिकवता."

मी तिला चांगलं अर्धा तास शिकवलं. पाळी म्हणजे काय, शरीर कसं चालतं, विटाळ हे खूळ कसं आहे. शब्द न् शब्द खरा. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग काऊन झालं?"

इतका साधा प्रश्न. उत्तर माझ्या वहीत होतं, तारखेसकट. मी म्हणाले, "हवामान असेल."

तिला ते पटलं नाही. कसं पटेल? शेजारच्या दोन घरी त्याच हवेत अंडी फुटली होती. मी खरं कारण दाबलं, म्हणून माझं ते सगळं शास्त्र तिला नुसतं समजूत घालणं वाटलं. सोमाजीभाऊ तरी खरं ऐकून काय करणार होते? फार तर चिडले असते. पण मॅडमची चूक झाली, हे गावाला कळलं असतं. मला तेवढंच नको होतं.

पुढच्या वर्षी त्यांनी खिडकीला जाळी लावली, मांजरीसाठी. अंडी नीट फुटली. रेखा खोलीत नव्हती, म्हणूनच फुटली असं घराने धरलं. तिनेही.

रेखाची मुलगी आता आठवीत आहे, माझ्याच वर्गात. हात अगदी आईसारखा. गेल्या आठवड्यात आजोबा माळा ओवत होते आणि ती अंगणात लांब उभी राहून बघत होती. मी रेखाला विचारलं, पोरीला आत का घेत नाहीत?

"मीच नाई म्हटलं, मॅडम. आता ते मोठी झाली. माह्या हातून एकदा होऊन गेलं ना, तिच्या हातून नोको."

मी "बरं" म्हणाले आणि शाळेत गेले. पहिला तास आठवीचा होता. ती पहिल्या बाकावर होती. मी शिकवलं.